आक्रमण आणि मोकळी जागा

श्रोतेहो, फुटबॉलचा सामना पाहावयास गेलेल्या शंभर माणसांपैकी नव्वद माणसे चेंडूच पाहत असतात. ह्यात त्यांचे काही चुकते असे नाही. गोल चेंडूनेच होतो, टाळ्याही चेंडू नेणाऱ्यालाच मिळतात. परंतु मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रशिक्षक चेंडूकडे त्या मानाने फार थोडा वेळ पाहतो. मैदानावर खेळाडू बावीस आणि चेंडू एक. म्हणजे कोणताही क्षण घेतला तरी एकवीस खेळाडूंजवळ चेंडू नसतो. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एखाद्या खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो तो अवघी दोन-तीन मिनिटे. उरलेल्या वेळात तो कोठे उभा राहतो, कोणाकडे धावतो, कोणासाठी थांबतो, हाच प्रशिक्षकाच्या डावपेचांचा खरा विषय होय. आजच्या भाषणात आक्रमणाच्या ह्या न दिसणाऱ्या बाजूविषयी काही सांगावे, असा माझा विचार आहे.

सामना सुरू होण्यापूर्वी वर्तमानपत्रांत आणि आता दूरचित्रवाणीच्या पडद्यावर काही आकडे दाखविले जातात. चार-तीन-तीन, चार-दोन-तीन-एक, तीन-चार-तीन. गोलरक्षकाला वगळून उरलेल्या दहा खेळाडूंची ही वाटणी असते. पहिला आकडा बचावाच्या फळीचा, शेवटचा आघाडीचा आणि मधले मधल्या फळीचे. ह्यालाच संघाची मांडणी म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी असते की, शेवटचा आकडा मोठा तो संघ आक्रमक आणि पहिला आकडा मोठा तो संघ भित्रा. ही समजूत टिकणारी नाही. हे आकडे खेळ सुरू होण्याच्या क्षणीचे असतात. शिट्टी वाजली की दहाही खेळाडू हलू लागतात आणि पाच मिनिटांनी वरून पाहणाऱ्याला त्या आकड्यांचा मागमूसही लागत नाही.

मग मांडणी म्हणजे काय? आपल्या खो-खोचा दाखला घ्या. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात आणि नववा पाठलाग करीत असतो. तो एखाद्याला खो देतो, बसलेला उठतो आणि पळणाऱ्याच्या मागे लागतो. परंतु खो देणारा त्यानंतर काय करतो? तो उठलेल्याच्या जागी तत्काळ बसतो. गडी बदलला, पण जागा रिकामी राहिली नाही. रांग अभंग राहते म्हणूनच एकाला मोकळेपणाने धावता येते. खो-खोत हे नियमानेच घडवून आणलेले आहे. फुटबॉलात असा नियम नाही. तेथे एखादा बचावपटू पुढे धावला, तर त्याची जागा दुसऱ्याने घ्यावी अशी सक्ती कोणी करीत नाही. ती सवय प्रशिक्षकाला लावावी लागते. म्हणून मी असे म्हणेन की, मांडणी म्हणजे उभे राहण्याचा नकाशा नव्हे. जो जागा सोडून पुढे जाईल त्याच्या मागे कोण उभा राहील, ह्याविषयी अकरा जणांनी आपसांत केलेला तो करार होय.

आक्रमणाचे मर्म ह्या करारातच कसे आहे ते पाहू. समोरचा संघही अकरा जणांचाच असतो. पाच जण चाल करून गेले तर अडवायला पाच-सहा जण उभे असतात. गोल करावयाचा तर एका विशिष्ट ठिकाणी, एका विशिष्ट क्षणी, आपला एक माणूस अधिक असला पाहिजे. हा अधिकचा माणूस आणावयाचा कोठून? एक मार्ग असा की, आपल्यातील एखाद्या कुशल खेळाडूने समोरच्याला हुलकावणी देऊन मागे टाकावे. दुसरा असा की, ज्याच्याकडे प्रतिपक्षाचे लक्ष नाही अशा कोणी मागून धावत यावे. तिसरा मार्ग असा की, आपल्या एखाद्याने मुद्दामच आपली जागा सोडून प्रतिपक्षाच्या बचावपटूला मागोमाग ओढून न्यावे आणि त्याच्या मागे पडलेल्या मोकळ्या पट्ट्यात दुसऱ्याने शिरावे. पहिला मार्ग अंगच्या देणगीचा. दुसरे दोन शिकविता येतात. परंतु त्या दोहोंची किंमत एकच आहे : आपल्याच मागे जागा मोकळी पडते. चेंडू हिरावला गेला, तर त्या जागेतूनच आपल्यावर गोल होतो.

फुटबॉलच्या मांडणीचा सबंध इतिहास ह्या एका किंमतीचा हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र रूढ झालेली मांडणी दोन-तीन-पाच अशी होती. मागे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक आणि पुढे पाच जणांची आघाडी. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोपर्यंत पुढे गेलेल्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे निदान तीन जण असावे लागत, ते आता दोन असले तरी चालू लागले. आघाडीवाल्यांचे काम एकाएकी सोपे झाले आणि गोलांची संख्या वाढली. तेव्हा इंग्लंडमधील आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्या संघात मधला हाफबॅक मागे येऊन तिसरा बचावपटू झाला आणि आघाडीतील दोघे किंचित मागे सरकले. पुढचे पाच आणि मागचे पाच ह्यांच्या आकृती इंग्रजी डब्ल्यू आणि एम ह्या अक्षरांसारख्या दिसतात, म्हणून ह्या मांडणीला तेच नाव पडले. पुढे २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरविले. हंगेरीचा मधला आघाडीवाला हिदेगकुटी पुढे न थांबता मागे राहिला. त्याला अडविण्यासाठी नेमलेला इंग्लंडचा बचावपटू पेचात सापडला. मागे जावे तर आपली जागा उघडी पडते, न जावे तर हा मोकळा सुटतो. हिदेगकुटीने त्या दिवशी तीन गोल केले. १९५८ साली ब्राझीलने चार-दोन-चार ह्या मांडणीने जगज्जेतेपद मिळविले. त्या चार बचावपटूंपैकी बाजूचे दोघे वेळ येताच पुढे धावत. आकडे बदलत गेले, परंतु प्रश्न तोच राहिला : पुढे कोण जाणार आणि त्याच्या मागे कोण थांबणार?

हा प्रश्न आपल्या देशात कसा सोडविला गेला, हे पाहावयाचे तर बंगळूर शहराकडे वळावे असे मला वाटते. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेले हे गाव, आजचे बेंगळुरू, पुढे इंग्रजांची मोठी लष्करी छावणी झाले. पलटणींबरोबर फुटबॉल आला आणि छावणीभोवतीच्या वस्त्यांतील मुलांनी तो उचलला. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर आरंभीची कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व होते. तो चषक प्रथम जिंकणारा हिंदी संघ मुंबईचा नव्हता की कलकत्त्याचा नव्हता. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स ह्या संघाने तो जिंकला आणि पुढच्याच वर्षी, १९३८ साली, पुन्हा जिंकला. आजही हलसूरजवळच्या गौतमपुरा वस्तीत पेलेचा पुतळा उभा आहे. फुटबॉलवर ह्या शहराचे प्रेम आहे ते असे जुने आणि गल्लीबोळांतले आहे.

ह्याच शहराने अहमद खान यांच्यासारखा आघाडीचा खेळाडू दिला. ते कलकत्त्याच्या ईस्ट बेंगाल संघात इनसाइड लेफ्ट ह्या जागी खेळत. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह ही पाच जणांची आघाडी. पाचही जण दक्षिणेकडचे. बंगालच्या प्रेक्षकांनी त्यांना पंचपांडव असे नाव दिले आणि १९४९ पासून लागोपाठ तीन वर्षे आय. एफ. ए. शील्ड त्यांच्या संघाकडे राहिली. अहमद खान यांच्या पायाशी चेंडू असा डोलत असे की लोक त्यांना गारुडी म्हणत. मी मघाशी सांगितलेल्या तीन मार्गांपैकी पहिला मार्ग, अंगच्या देणगीने समोरच्याला मागे टाकण्याचा, त्यांच्या खेळात पूर्णत्वाला गेला होता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सशी खेळला, तेव्हा बहुतेक खेळाडू अनवाणी होते. तो सामना आपण २-१ असा थोडक्यात गमावला. आपला एकुलता गोल करणारे सारंगपाणी रामन हेही म्हैसूर प्रांताचेच.

परंतु केवळ देणगीवर उभारलेले आक्रमण किती उघडे असते, हे चार वर्षांनी दिसून आले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये यूगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढविले. आपल्याकडून एक गोल झाला, तो अहमद खान यांचा. अनवाणी पाय आणि तिकडची थंडी ही कारणे त्या वेळी पुष्कळ सांगण्यात आली आणि ती खोटी नव्हती. परंतु जग तीन बचावपटूंकडे वळून पाव शतक लोटले, तरी आपल्याकडे दोन फुलबॅकांची जुनी पद्धतच रुळलेली होती. पाच जण पुढे जात. चेंडू गेला की पाचही जण पुढेच राहत. मागे दोघे आणि त्यांच्यासमोर उघडे रान. पाच उत्तम कलावंत पुढे असूनही संघ दहा गोल खाऊन हरू शकतो, कारण त्यांच्या मागे कोण उभा राहील ह्याविषयीचा करारच झालेला नसतो.

त्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते उस्मानिया विद्यापीठात शिकले, तेथेच खेळले आणि व्यवसायाने शिक्षक होते. त्यांच्या पद्धतीत शिक्षकाचा पिंड दिसतो. दहा गोलांच्या पराभवाचे खापर त्यांनी नशिबावर फोडले नाही. त्यांनी धडा बदलला. बूट घालून खेळणे तर आलेच, परंतु बचावात तिसरा माणूस आला, आघाडीतील एकाला मागे राखून त्याच्याकडून चेंडू वाटण्याची हंगेरीच्या धर्तीची रचना आली आणि चेंडू फार वेळ पायाशी न ठेवता झटपट पुढे देण्याची शिस्त आली. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्याचे फळ मिळाले. १ डिसेंबर रोजी आपण यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यांतील तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपान्त्य सामन्यात गाठ पडली ती पुन्हा त्याच यूगोस्लाव्हियाशी. उत्तरार्धाच्या आरंभी डिसोझांनीच गोल करून आपल्याला आघाडी मिळवून दिली. अखेर सामना ४-१ असा हातून गेला. परंतु श्रोतेहो, १०-१ आणि ४-१ ह्यांमध्ये, आणि त्यातही काही मिनिटे पुढे असण्यामध्ये, जे अंतर आहे ते देणगीचे नव्हे. देणगी १९५२ सालीही होती. ते अंतर रचनेचे आहे. त्या स्पर्धेत आपण चौथे आलो.

रहीम यांच्या विचाराची खरी कसोटी लागली ती १९६२ साली, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरविले. पुढच्या एका सामन्यात बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झाली आणि टाके घालावे लागले. आता त्यांना खेळवावयाचे की नाही? रहीम यांनी त्यांना बसविले नाही आणि बचावातही ठेवले नाही. त्यांना आघाडीच्या मध्यभागी नेले. उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलसिंग यांनी गोल केला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. प्रेक्षक बहुतांशी आपल्या विरुद्ध होते. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि थोड्याच वेळात जर्नेलसिंग यांनी दुसरा. आपण २-१ असे जिंकलो आणि सुवर्णपदक मिळाले.

ह्या युक्तीचे वर्णन बहुधा एका धाडसाचे म्हणून केले जाते. मला तिच्यात धाडसापेक्षा हिशेब अधिक दिसतो. कोरियाच्या बचावपटूंनी चुनी गोस्वामी, बॅनर्जी आणि बलराम ह्या तिघांना ओळखून ठेवले होते. त्यांच्या मध्ये हा उंच, धिप्पाड आणि अनोळखी माणूस उभा राहिल्यावर त्यांची जुळलेली गणिते विस्कटली. हा झाला पुढचा लाभ. परंतु मागची किंमत कोण देणार होता? अरुण घोष यांच्यासारखा विश्वासू बचावपटू आणि गोलात पीटर थंगराज मागे होते, म्हणूनच जर्नेलसिंग यांना पुढे पाठविणे शक्य झाले. इतिहासात गोल करणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. त्या गोलाचा अर्धा वाटा मागे थांबलेल्यांचा असतो. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीम यांचे निधन झाले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आपल्याला पुन्हा मिळालेले नाही.

आता पुन्हा बंगळुरास येऊ. २०१३ साली तेथे बेंगळुरू फुटबॉल क्लब स्थापन झाला आणि ॲशली वेस्टवुड यांच्या मार्गदर्शनाखाली पहिल्याच मोसमात त्याने देशाची आय-लीग स्पर्धा जिंकली. २०१६ साली आल्बेर्त रोका यांच्या हाताखाली हा संघ ए. एफ. सी. चषकाच्या अंतिम फेरीत गेला. तेथवर पोचणारा तो पहिला भारतीय संघ. अंतिम सामना इराकच्या एअर फोर्स क्लबने १-० असा जिंकला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते इंडियन सुपर लीगचे दोन अंतिम सामने. दोन्ही १७ मार्चलाच झाले. एक २०१८ साली आणि दुसरा २०१९ साली.

२०१८ चा सामना बंगळूरच्या श्री कंठीरव मैदानावर, घरच्या प्रेक्षकांपुढे होता. त्या मोसमात रोका अनेकदा मागे तीन बचावपटू ठेवून बाजूच्या दोघांना पुढे मोकळीक देत. आघाडीत मध्यभागी व्हेनेझुएलाचा मिकू, उजव्या बाजूस वेगवान उदांत सिंग आणि डाव्या बाजूस सुनील छेत्री. छेत्री कागदावर डावीकडचे. परंतु त्यांचे मोठेपण असे की ते डावीकडे राहत नसत. मिकू बचावपटूंना आपल्याकडे ओढी आणि त्या क्षणी छेत्री तिरपे धावत आत शिरत. सामन्याच्या नवव्या मिनिटाला हेच घडले. उदांतने उजवीकडून चेंडू आत दिला आणि छेत्रींनी झेपावून डोक्याने गोल केला. डाव्या बाजूचा खेळाडू उजवीकडून आलेल्या चेंडूवर गोलासमोर कसा, हा प्रश्न ज्याला पडेल त्याला आक्रमणाची रचना समजू लागली असे समजावे.

परंतु तो सामना बंगळूरने ३-२ असा गमावला. चेन्नईयिन संघाच्या तीन गोलांपैकी दोन गोल मायल्सन आल्व्हेस ह्या त्यांच्या बचावपटूने केले. दोन्ही वेळी कोपऱ्यावरून मारलेल्या चेंडूवर, डोक्याने. कोपऱ्यावरून चेंडू मारावयाचा असतो तेव्हा बचावातील उंच माणसे पुढे येतात, हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक असूनही त्यांना धरून ठेवणे अवघड जाते, कारण ती माणसे लांबून धावत येतात आणि उभ्या असलेल्यापेक्षा धावत आलेला माणूस उंच उडतो. प्रेक्षकांना तो दैवाचा खेळ वाटतो. प्रशिक्षकाच्या वहीत तो आठवडाभर गिरविलेला धडा असतो.

पुढच्या वर्षी रोका यांचे पूर्वीचे सहायक कार्लेस कुआद्रात हे मुख्य प्रशिक्षक होते. अंतिम सामना मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, एफ. सी. गोवा संघाशी होता. गोव्याचे प्रशिक्षक सर्जियो लोबेरा ह्यांचा संघ चेंडू आपल्याजवळ राखून, बारीक बारीक पास देत, प्रतिपक्षाला दमविण्याबद्दल प्रसिद्ध होता. नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नाही. जादा वेळेत गोव्याचा एक खेळाडू बाद झाला. सामना पेनल्टीवर जाणार असे वाटत असता, ११७ व्या मिनिटाला, बंगळूरला कोपऱ्यावरून चेंडू मारण्याची संधी मिळाली. दिमास देल्गादो ह्याने चेंडू उंच आत टाकला आणि त्यावर डोके लावले ते मुंबईच्या राहुल भेके ह्या बचावपटूने. बंगळूर १-० असे विजयी झाले. ज्या प्रकारच्या गोलांनी एक वर्षापूर्वी ह्या संघाच्या हातचे विजेतेपद गेले, त्याच प्रकारच्या गोलाने ते परत आले. आणि दोन्ही वेळा गोल करणारा आघाडीवाला नव्हता; आपली जागा सोडून आलेला बचावपटू होता. जर्नेलसिंग यांच्यापासून भेकेंपर्यंत सत्तावन्न वर्षे गेली. प्रशिक्षक, बूट, चेंडू, मैदाने सर्व बदलले. अधिकचा माणूस मात्र अजूनही मागूनच येतो.

इथे एक व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो. ज्यांच्याजवळ परदेशी प्रशिक्षक आहेत, पगारी खेळाडू आहेत, त्यांचे ठीक. परंतु बंगळूरच्या, कोल्हापूरच्या किंवा मडगावच्या एखाद्या कॉलेजच्या संघाने ह्यातून काय घ्यावे? कॉलेजच्या प्रशिक्षकाला मुले मिळतात ती तीन वर्षांसाठी. त्यातही परीक्षा, सुट्ट्या आणि पाऊस. खेळाडू निवडण्याची चैन त्याला नसते. जी मुले येतील त्यांचाच संघ करावा लागतो. अशा वेळी पडद्यावर पाहिलेल्या परदेशी संघाची मांडणी उचलून आपल्या मुलांवर बसविण्याचा मोह होतो. हा मोह टाळला पाहिजे. अंगरख्याला माप माणसाचे घ्यावयाचे असते, माणसाला अंगरख्याचे नव्हे.

बाजूने वेगाने धावणारी दोन मुले असतील, तर त्यांच्यापुढे मोकळा पट्टा राहील अशी रचना करावी. आघाडीचा एकच चांगला खेळाडू असेल, तर त्याच्याजवळ पोचण्यासाठी मधल्या फळीतून कोण धावेल हे ठरवावे. मांडणी कोणतीही असो, सरावात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून घोटून घ्यावी. उजवा बचावपटू पुढे गेला की मधल्या फळीतील कोण त्याच्या जागी सरकेल? डावा पुढे गेला तर कोण? दोघेही एकदम जाणार नाहीत, ह्याची खूण कोणती? चार विरुद्ध चार असे लहान जागेत खेळविले तर ही सवय लवकर लागते, कारण लहान संघात सोडलेली जागा लगेच डोळ्यांत भरते. आणि सामन्यामागून सामन्याला मांडणी बदलू नये. पोरांना आकडे पाठ होतात. परंतु शेजारी उभा असलेला मुलगा आपली जागा सांभाळील हा विश्वास पाठ करून येत नाही, तो बरोबर खेळून येतो.

ह्या विश्वासावरच सारे अवलंबून आहे. बचावातील मुलगा पुढे जाण्यास कचरतो तो बहुधा भित्रेपणाने नव्हे. आपण गेलो आणि मागे गोल झाला तर दोष आपल्यावर येईल, ही धास्ती त्याला असते. त्याची जागा कोणी तरी घेईल अशी त्याची खात्री झाली की तोच मुलगा निःशंकपणे धावतो. म्हणून एखाद्या संघाचे आक्रमण फिके पडले असेल, तर आघाडीवाल्यांना रागे भरण्यापूर्वी प्रशिक्षकाने मागच्या चौघांकडे पाहावे. ओढ्याला पाणी का नाही, हे पाहावयाचे तर डोंगराकडेच जावे लागते.

प्रेक्षकांनाही ह्यात काही करण्यासारखे आहे. कंठीरव मैदानावर धावण्याची वर्तुळाकार वाट मध्ये असल्यामुळे प्रेक्षक खेळापासून दूर बसतात. पुष्कळांची तशी तक्रार असते. परंतु वरच्या रांगांतून सबंध मैदान एका दृष्टीत येते आणि रचना पाहावयास ह्याहून चांगली जागा नाही. सामन्यातील दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता बाजूच्या एकाच बचावपटूकडे पाहावे. तो केव्हा पुढे निघतो, निघण्यापूर्वी कोणाकडे पाहतो, तो गेल्यावर त्याच्या ठिकाणी कोण येऊन उभा राहतो, हे न्याहाळावे. प्रथम हे कंटाळवाणे वाटेल. परंतु लौकरच असे दिसू लागेल की गोल होण्याच्या पाच-सात सेकंद आधी, चेंडूपासून बऱ्याच दूर, कोणी एक खेळाडू मुकाट्याने एका रिकाम्या जागी सरकला होता आणि त्याच्या भरवशावर दुसरा पुढे धावला होता.

त्या सरकणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येणार नाही. त्याने चेंडूला पायही लावलेला नसेल. परंतु त्याच्या संघातील दहा जणांना आणि कडेला उभ्या असलेल्या त्याच्या प्रशिक्षकाला त्याचे मोल ठाऊक असते. ज्या शहरात, ज्या कॉलेजात, ज्या मैदानावर प्रेक्षकही त्याच्यासाठी टाळी वाजवू लागतील, तेथे चांगला फुटबॉल फार दिवस अडून राहणार नाही.